चार सहकाऱ्यांना नोबेल मिळालं, त्याला नाही. पण मेंदूतल्या 'गोंदा'ला बोलतं करणारा माणूस हाच होता

घरातले आजोबा सकाळपासून असंबद्ध बोलायला लागतात. कुणाला ओळखत नाहीत, झोपेत असल्यासारखे वागतात. घाबरून दवाखान्यात न्यावं तर संध्याकाळी रिपोर्ट येतो, सोडियम खाली गेलंय. सलाईन लागतं, दोन-तीन दिवसांत आजोबा पुन्हा पेपर वाचायला लागतात. फॅमिली ग्रुपवर मात्र एक प्रश्न उरतोच. मिठातल्या सोडियमचा आणि माणसाच्या बोलण्याचा काय संबंध?

संबंध असा, की रक्तातलं सोडियम घसरलं की पाणी मेंदूच्या पेशींमध्ये शिरायला लागतं आणि मेंदू सुजतो. यात सगळ्यात आधी फुगतात त्या अॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली या चांदणीसारख्या दिसतात, म्हणून त्यांचं नाव ताऱ्यावरून पडलं. मेंदूत कुठे किती पाणी, किती सोडियम, किती पोटॅशियम असावं, हा हिशोब रात्रंदिवस सांभाळणाऱ्या पेशी याच.

पण गंमत बघा. या पेशी ज्या कुटुंबातल्या आहेत त्याचं नाव आहे ग्लिया, म्हणजे ग्रीक भाषेत चक्क गोंद. १८५६ साली जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्शो यांनी हे नाव दिलं, कारण त्यांना वाटलं की हा मेंदूतल्या जागा भरणारा चिकट माल आहे. खरी कामगिरी न्यूरॉनची, बाकीचा नुसता भराव. मधल्या काळात काही शास्त्रज्ञांनी वेगळे अंदाज बांधले, पण ते अंदाजच राहिले. सूक्ष्मदर्शकातून पेशीचा आकार दिसतो, ती काय करते ते दिसत नाही.

या गोंदात पहिल्यांदा नीट सुई खुपसून त्यातली वीज मोजणारा जो माणूस होता, त्याची ही गोष्ट. नाव स्टीफन कुफ्लर. ओळखीचे लोक त्याला स्टीव्ह म्हणायचे.

स्टीफनचा जन्म २४ ऑगस्ट १९१३ चा, हंगेरीतल्या टाप नावाच्या खेड्यातला. घरची शेतीवाडी होती. पण तो पाच वर्षांचा असतानाच आई गेली आणि आजीने त्याला वाढवलं. दहाव्या वर्षी त्याची रवानगी व्हिएन्नाजवळच्या एका जेझुइट बोर्डिंग शाळेत झाली. तिथली शिस्त कडक, अभ्यास बराचसा लॅटिन-ग्रीकचा. विज्ञानाशी फारशी गाठ नाहीच. १९३२ मध्ये शाळा संपली आणि त्याने व्हिएन्नात वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला. १९३७ मध्ये डॉक्टर झाला, पॅथॉलॉजीमध्ये काम सुरू केलं. आता आयुष्य मार्गी लागलं, असं वाटण्याचे दिवस.

ते जेमतेम काही महिने टिकले. मार्च १९३८ मध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि एका रात्रीत देशाचा नकाशा बदलला. कुफ्लरने व्हिएन्ना सोडलं. आधी हंगेरी, मग लंडन आणि तिथून थेट जगाच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियात. वय २५, डिग्री युरोपची, हातात काम नाही.

सिडनीत त्याला वाचवलं ते टेनिसने.

सिडनी हॉस्पिटलमध्ये कानेमात्सू इन्स्टिट्यूट नावाची एक छोटी संशोधन संस्था होती. तिचे प्रमुख होते जॉन एक्लस, मज्जातंतूंवर काम करणारे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ. एक्लसना टेनिसचं वेड होतं आणि कुफ्लर उत्तम खेळायचा. कोर्टवरच्या ओळखीतून एक्लसनी या निर्वासित तरुण डॉक्टरला आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं. वीज मोजण्याची उपकरणं, अँप्लिफायर, मज्जातंतू यातलं कुफ्लरला काहीही येत नव्हतं. तिशीच्या आत-बाहेरच्या कितीतरी जणांना नवं क्षेत्र धरताना भीती वाटते. कुफ्लरकडे तर भीती बाळगण्याएवढीही चैन नव्हती.

१९३९ मध्ये तिथे तिसरा माणूस आला, बर्नार्ड कात्झ. हाही निर्वासित, नाझी जर्मनीतून निसटून लंडनला गेलेला ज्यू तरुण. सिडनीच्या रस्त्यावरून एक्लस, कात्झ आणि कुफ्लर सोबत चालत जातानाचा, साधारण १९४१ च्या सुमाराचा एक फोटो आहे. मेंदूविज्ञानाच्या इतिहासात तो बराच प्रसिद्ध आहे. फोटोतल्या एक्लसना १९६३ मध्ये नोबेल मिळालं, कात्झना १९७० मध्ये. तिसऱ्याला मिळालं नाही.

सिडनीत कुफ्लरने जे पहिलं मोठं काम केलं, त्यात त्याची पुढच्या आयुष्यभराची पद्धत दिसते. नस स्नायूला हुकूम कसा देते, हा तेव्हाचा वादाचा प्रश्न होता. बाकीचे लोक अख्ख्या स्नायूवर प्रयोग करायचे, म्हणजे हजारो तंतूंचा गोंगाट एकदम ऐकायचे. कुफ्लरने बेडकाचा एकच स्नायूतंतू आणि त्याला जोडलेला एकच मज्जातंतू सुटा करून काढला. नुसत्या हाताने, सूक्ष्मदर्शकाखाली. हा माणूस हाताचा कमालीचा स्थिर होता. प्रश्न मोठा असला की त्यासाठी सोपा प्राणी शोधायचा, ही त्याची खोड तिथून लागली. पुढे बेडूक झाला, क्रेफिश झाला, मांजर झालं, लॉब्स्टर झाला आणि जळूसुद्धा झाली.

१९४३ मध्ये त्याने सिडनीतल्याच फिलिस श्युक्रॉफ्ट या डॉक्टर तरुणीशी लग्न केलं. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये दोघं अमेरिकेला गेले. आधी शिकागो आणि १९४७ पासून बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. तिथे नोकरी मिळाली ती डोळ्यांच्या विभागात.

आता डोळ्यांच्या विभागात बसलोय तर डोळ्याचं काहीतरी करायला हवंच. कुफ्लरने मांजराच्या रेटिनावर प्रकाशाचे छोटे ठिपके टाकून एकेका पेशीचा प्रतिसाद मोजला. १९५३ साली त्याने दाखवलं की रेटिनातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी नुसता उजेड किती हे मोजत नाहीत. पेशीच्या वाट्याच्या भागात मध्यभागी ठिपका पडला तर काही पेशी चेकाळतात आणि कडेला पडला तर गप्प होतात. काही पेशींचं याच्या बरोबर उलट. म्हणजे डोळा कॅमेऱ्यासारखा फोटो काढून पाठवत नाही, तो फरक पाठवतो. दृष्टीच्या पाठ्यपुस्तकात आजही हा धडा पहिल्या काही पानांत असतो.

१९५८ मध्ये त्याच्याकडे दोन तरुणांनी मिळून काम सुरू केलं, डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल. कुफ्लरने रेटिनात केलं तेच आपण मेंदूत पुढे नेऊ, असं त्यांनी ठरवलं. त्यातून दृष्टीच्या विज्ञानातले सगळ्यात गाजलेले शोध लागले. जागा कुफ्लरची, सुरुवातीची दिशा त्याची. पण या दोघांच्या पेपरांवर त्याचं नाव नाही. ज्याने स्वतः प्रयोगाच्या टेबलावर बसून काम केलं त्याचंच नाव पेपरवर, हा त्याचा नियम होता. गाइडचं नाव हक्काने छापलं जाणाऱ्या दुनियेत, आपल्याकडे पीएचडी करणाऱ्या कुणालाही विचारा, हा नियम केवढा दुर्मीळ आहे ते कळेल.

१९५९ मध्ये कुफ्लर हार्वर्डला गेला आणि जाताना आपली सगळी तरुण टीम बायका-मुलांसकट घेऊन गेला. त्यांना बोलावणारे औषधशास्त्र विभागाचे प्रमुख ओटो क्रायर. या क्रायरांची स्वतःची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९३३ मध्ये नाझी सरकारने एका ज्यू प्राध्यापकाला काढून ती खुर्ची त्यांना देऊ केली, तेव्हा त्यांनी ती लेखी नाकारली. ते स्वतः ज्यू नव्हते. त्याची किंमत त्यांना देश सोडून मोजावी लागली.

हार्वर्डमध्ये कुफ्लरच्या भोवती वेगवेगळ्या विषयांतले लोक जमले. कुणी विजेचा, कुणी रसायनाचा, कुणी सूक्ष्मदर्शकाचा. १९६६ मध्ये यातूनच न्यूरोबायॉलॉजीचा स्वतंत्र विभाग उभा राहिला, कुफ्लर त्याचा पहिला प्रमुख. आज हे नाव प्रत्येक मोठ्या विद्यापीठात दिसतं. तेव्हा तसा विभागच नव्हता. मेंदूचं काम शरीरशास्त्र, औषधशास्त्र, शरीररचना अशा खोल्याखोल्यांत वाटलेलं होतं.

आणि याच वर्षांत तो गोंदाकडे वळला.

त्या वेळी ग्लियाबद्दल एक मोठा गोंधळ चालू होता. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नवा होता आणि त्यातून मेंदूचे जे फोटो यायचे त्यात पेशींच्या मधे जागाच दिसायची नाही. सगळ्या पेशी एकमेकींना खेटून, मधे अगदी चिंचोळ्या फटी. मग न्यूरॉनला लागणारं सोडियम आणि बाकीचे आयन येतात-जातात कुठून? काहींनी उत्तर काढलं की ग्लिया पेशीच ही मोकळी जागा असणार. त्यांच्या पोटात खारं पाणी असेल आणि न्यूरॉन त्यातच बुडालेले असतील.

हे तपासायचं तर ग्लिया पेशीत काचेची अतिसूक्ष्म नळी घालून आतली वीज मोजायला हवी. माणसाच्या किंवा मांजराच्या मेंदूत हे फार अवघड. पेशी बारीक, एकमेकींत गुंतलेल्या, नळी नक्की कशात शिरली हेच कळत नाही. कुफ्लरने नेहमीप्रमाणे सोपा प्राणी शोधला. जळू.

जळू म्हटलं की आपल्याला पावसाळ्यातला सह्याद्रीचा ट्रेक आणि पायाला चिकटलेली ती लवचिक पट्टी आठवते. पण तिच्या पोटाच्या बाजूने मज्जापेशींच्या गाठींची एक माळ असते आणि प्रत्येक गाठीत मोजकेच, साधारण चारशे न्यूरॉन. त्यांना कवेत घेऊन बसलेल्या ग्लिया पेशी इतक्या प्रचंड, की सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्यात नळी घालता येते.

१९६४ मध्ये कुफ्लर आणि डेव्हिड पॉटर यांनी जळवेच्या ग्लियाचे निकाल छापले. ग्लियाच्या आत खारं पाणी नव्हतं. इतर कुठल्याही पेशीसारखं आत पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी होतं. या पेशी न्यूरॉनसारखे विजेचे झटके मारत नव्हत्या, कितीही डिवचलं तरी. आणि एकीच्या पोटातून दुसरीच्या पोटात वीज सहज जात होती, म्हणजे त्या आतून एकमेकींना जोडलेल्या होत्या. पुढचा प्रयोग तर अजून धीट. त्यांनी ग्लिया पेशी फोडून आतला माल काढून टाकला आणि बघितलं, तर मधले न्यूरॉन तरीही काम करत राहिले. म्हणजे आयन ग्लियाच्या पोटातून नाही, तर त्या चिंचोळ्या फटींतूनच फिरत होते. गोंधळ मिटला.

पण मग ग्लिया करते तरी काय? झटके मारत नाही, आयनांचा रस्ता नाही, काही तास तिच्याशिवाय न्यूरॉनचं भागतं. गोंद हेच नाव बरोबर, असं म्हणून इथे थांबता आलं असतं.

कुफ्लर थांबला नाही. जॉन निकोल्स आणि रिचर्ड ऑर्कंड या दोन तरुणांना घेऊन त्याने नवा प्राणी धरला, नेक्टुरस. हा उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत राहणारा सालामँडर. अंगाने चिखलाच्या रंगाचा, मानेजवळ बाहेर आलेले लाल पिसाऱ्यासारखे कल्ले, आयुष्यभर पाण्यात. त्याच्या डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत ग्लिया पेशी मोठ्या असतात. आणि या पेशी आपल्या अॅस्ट्रोसाइटच्या बऱ्याच जवळच्या नात्यातल्या.

इथून पुढचं समजायला एवढं लक्षात ठेवा. प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशियम जास्त असतं, बाहेर कमी. न्यूरॉनमध्ये झटका जातो तेव्हा सोडियम आत शिरतं आणि मागोमाग थोडं पोटॅशियम बाहेर पडतं. एका झटक्यात अगदी चिमूटभर. पण बाहेरची फट एवढी अरुंद की तिथे चिमूटभरही खूप होतं.

नेक्टुरसची ग्लिया पेशी शांत असताना तिच्या आतला दाब बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ९० मिलिव्होल्ट भरला. बहुतेक न्यूरॉनपेक्षा जास्त. मग त्यांनी बाहेरच्या द्रावणात पोटॅशियम कमी-जास्त करून पाहिलं आणि पेशीचा आकडा गणिताने सांगावा तसा हलला. सोडियम बदललं तर तिला फारसा फरक पडत नव्हता. थोडक्यात, ग्लियाचं पटल फक्त पोटॅशियमला वाट देत होतं. या पेशी म्हणजे निसर्गाने बनवलेलं पोटॅशियम मोजायचं मीटर होत्या. हे पटलाचे गुणधर्म ग्लियाचेच आहेत, आसपासच्या तंतूंचे नाहीत, याची खात्री करायला त्यांनी अशा नसाही तपासल्या ज्यात डोळा काढल्यामुळे तंतू मरून गेले होते आणि मागे फक्त ग्लिया उरली होती.

मग निर्णायक प्रयोग. नसेला विजेने डिवचलं. तंतूंमधून झटके धावले आणि शेजारच्या शांत ग्लिया पेशीचा आकडा हळूहळू वर सरकला. न्यूरॉनचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागात आटोपतो. ग्लियाचा प्रतिसाद मात्र संथ, सेकंदभर आणि त्याहून जास्त रेंगाळणारा. झटके जितके जास्त तितका आकडा वर. नसेत सुन्न केलेला जिवंत सालामँडर ठेवून त्याच्या डोळ्यावर नुसता प्रकाश टाकला तरी तेच झालं. बाहेर मुद्दाम पोटॅशियम कमी ठेवलं तर प्रतिसाद मोठा यायचा, जास्त ठेवलं तर लहान, अगदी सूत्रात बसेल तसा. कारण एकच निघत होतं. न्यूरॉनने बाहेर टाकलेलं पोटॅशियम ग्लियाला कळत होतं. न्यूरॉन आणि ग्लिया यांच्यात संवाद होता आणि त्याची भाषा होती पोटॅशियम.

१९६६ मध्ये हे पेपर आले. त्यात त्यांनी एक शक्यताही मांडली. ग्लिया पेशी आतून जोडलेल्या आहेत आणि फक्त पोटॅशियमला वाट देतात. मग जिथे पोटॅशियम साचलंय तिथे ते आत शिरेल आणि त्याच्या बदल्यात लांब, जिथे कमी आहे तिथे बाहेर पडेल. दादर स्टेशनला एका प्लॅटफॉर्मवर चेंगराचेंगरी व्हायची वेळ आली की लोकांना पुलावरून रिकाम्या प्लॅटफॉर्मकडे वळवतात, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे एका बाजूने चढलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूने उतरलेला माणूस वेगळा असला तरी चालतं. गर्दी हलली की झालं.

कुफ्लरचं इथलं वागणं आजच्या काळात तर फारच वेगळं वाटतं. ग्लिया विचार करते, ग्लियात स्मृती साठते असे दावे तेव्हा हवेत होते. त्याने त्यातलं काहीच म्हटलं नाही. न्यूरॉनचा परिणाम ग्लियावर होतो, एवढं सिद्ध झालंय. ग्लिया त्याचं पुढे काय करते ते दाखवायचं बाकी आहे, अशी त्याची भूमिका राहिली. काही वर्षांत तो पुन्हा न्यूरॉनच्या जोडांकडे वळला. थोडं हळहळायला होतं, कारण पुढची वीस वर्षं या विषयाकडे फार कमी लोक फिरकले.

मग त्या चिमूटभर पोटॅशियमचं एवढं काय? तर, माणसाच्या मेंदूत न्यूरॉनच्या बाहेर पोटॅशियम साधारण ३ मिलिमोल असतं. ते वाढलं की न्यूरॉन जास्त उतावळे होतात, छोट्या कारणाने झटके मारतात. त्या झटक्यांनी अजून पोटॅशियम बाहेर. हे चक्र सुटलं की आकडी येते, आपण जिला फिट म्हणतो. फिटच्या वेळी हा आकडा १० ते १२ पर्यंत जातो आणि सहसा तिथे अडतो. अडवणाऱ्यांत अॅस्ट्रोसाइटचा मोठा वाटा आहे. बांध फुटलाच तर पोटॅशियम अनेक पटींनी उसळतं आणि न्यूरॉन गप्प होण्याची एक लाट मेंदूच्या पृष्ठभागावरून सरकत जाते. ही लाट १९४४ मध्ये ब्राझीलच्या अरिस्टिडीस लेआव यांनी सशाच्या मेंदूत नोंदवली होती. मायग्रेनचं डोकं दुखण्याआधी काहींच्या डोळ्यांसमोर ज्या चमकणाऱ्या नागमोडी रेषा येतात, त्यामागे हीच लाट असल्याचं मानलं जातं.

अॅस्ट्रोसाइट हे पोटॅशियम उचलते कशाने, हे कुफ्लरच्या काळात माहीत नव्हतं. आता बरंच माहीत आहे. एक आहे पंप. ऊर्जा खर्च करून तो तीन सोडियम पेशीबाहेर फेकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. हा १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या नसांत शोधला आणि १९९७ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. अॅस्ट्रोसाइटमध्ये या पंपाचा जो प्रकार असतो तो बाहेर पोटॅशियम वाढलं की जोरात चालतो. दुसरी आहे केआयआर ४.१ नावाची वाहिनी, पेशीच्या पटलातलं फक्त पोटॅशियमसाठीचं दार. कुफ्लरने पाहिलेलं ते उणे ९० आणि ते मीटरसारखं वागणं मुख्यतः या दारामुळे. दोघांपैकी जास्त काम कोण करतं यावर अजून वाद चालतो. न्यूरॉन किती जोरात चाललेत यावर ते ठरत असावं.

पंपाने सोडियम बाहेर ठेवलं की त्यातून अॅस्ट्रोसाइटची दुसरी कामं चालतात. न्यूरॉन एकमेकांना निरोप द्यायला ग्लुटामेट नावाचं रसायन वापरतात. ते वेळीच उचललं नाही तर शेजारचे न्यूरॉन अतिउत्तेजित होऊन मरूसुद्धा शकतात. अॅस्ट्रोसाइट एक ग्लुटामेट आत ओढताना सोबत तीन सोडियम आणि एक हायड्रोजन आयन आत घेते, एक पोटॅशियम बाहेर सोडते. म्हणजे सोडियमच्या उतारावर बसून ग्लुटामेट आत घसरतं आणि तो उतार टिकवायला पंप सतत राबतो. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के आणि ऊर्जा खर्च २० टक्क्यांच्या घरात. त्यातली बरीचशी अशा आयन उपसण्यावरच जाते.

केआयआर ४.१ चं दार जन्मतः बिघडलेलं असेल तर काय होतं, ते २००९ मध्ये कळलं. काही लहान मुलांमध्ये आकडी, तोल जाणं, ऐकू न येणं आणि लघवीतून क्षार निघून जाणं हे सगळं एकत्र दिसत होतं. जनुक तपासलं तर दोष याच वाहिनीचा निघाला. २०१८ मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या एका जातीत उलटं चित्र दाखवलं. मेंदूच्या एका छोट्या भागात अॅस्ट्रोसाइटवर ही दारं प्रमाणाबाहेर वाढली, तर तिथले न्यूरॉन विचित्र लयीत झटके मारायला लागले आणि उंदरांमध्ये डिप्रेशनसारखी लक्षणं दिसली. माणसाला हे जसंच्या तसं लावता येत नाही. आणि २०१६ मधल्या एका अभ्यासात दिसलं, की उंदीर झोपला की त्याच्या मेंदूत बाहेरचं पोटॅशियम कमी होतं, जागा झाला की वाढतं.

कुफ्लर मात्र १९७० च्या दशकात दुसऱ्याच मस्तीत होता. मस्ती हा शब्द मुद्दाम, कारण सहकाऱ्यांच्या आठवणींमध्ये शास्त्रज्ञ कुफ्लरइतकाच कोट्या करणारा, चेष्टेखोर स्टीव्ह भेटतो. या आठवणींचं स्टीव्ह याच नावाचं एक पुस्तकही त्याच्या माघारी निघालं. उन्हाळे तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वुड्स होल या गावी घालवायचा, जिथे समुद्री जीवांवर संशोधन करणारी जुनी प्रयोगशाळा आहे. १९७६ मध्ये निकोल्ससोबत त्याने न्यूरॉनपासून मेंदूपर्यंतचा प्रवास सांगणारं पाठ्यपुस्तक लिहिलं. त्याच्या नव्या आवृत्त्या आजही निघतात. विभागप्रमुख झाल्यावर बहुतेक लोक प्रयोगशाळेतून ऑफिसात जातात. हा शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने प्रयोग करत राहिला.

शेवटच्या वर्षांत त्याच्यासोबत काम करणाऱ्यांमध्ये एक तरुण जोडपं होतं, तैवानहून शिकून आलेले युह नुंग जान आणि लिली जान. बेडकाच्या मज्जापेशींमध्ये एक छोटं प्रथिनासारखं रसायन मिनिटभर रेंगाळणारा निरोप देतं, हे त्यांनी तिघांनी मिळून दाखवलं. बाकीचे शास्त्रज्ञ तेव्हा झटपट निरोपांच्या मागे होते, कुफ्लरला पुन्हा एकदा संथ गोष्टीनेच खेचलं.

११ ऑक्टोबर १९८० रोजी वुड्स होलमध्ये हृदयविकाराने त्याचं निधन झालं. वय ६७.

बरोबर एक वर्षाने, ऑक्टोबर १९८१ मध्ये, ह्युबेल आणि वीझल यांना नोबेल जाहीर झालं. सोबत रॉजर स्पेरी होते. नोबेल मरणोत्तर देत नाहीत आणि एका बक्षिसात तिघांपेक्षा जास्त नावं बसत नाहीत. कुफ्लर जिवंत असता तर त्याचं नाव त्यात असतं का, यावर या क्षेत्रातले लोक अजून बोलतात.

जान दांपत्य तोवर कॅलिफोर्नियाला गेलं होतं. तिथल्या त्यांच्या प्रयोगशाळेने फळमाशी हा आणखी एक सोपा प्राणी धरला. भूल दिली की पाय थरथरवणाऱ्या माशांच्या एका जातीवर ते काम करत होते. १९८७ मध्ये त्या माशीतून त्यांनी ज्या जनुकाचा तुकडा वेगळा काढला, तो पोटॅशियमच्या दाराचा होता.